काटेवाले तात्या आणि गावाचा ग्रुप

सुनीलनं कोयता उगारला तेव्हा तात्या बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. म्हणाले, "मार. पर आदी एवडं सांग, मी खोटं बोललो का?"

सुनील माझा मुलगा. तात्या माझे धाकटे दीर, त्याचे सख्खे चुलते. सकाळचे आठ वाजले असतील. कोयता वैरण तोडायचा, गोठ्यापुढं नेहमी पडलेला असायचा तोच. सुनीलच्या एका हातात तो आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यातून तात्यांचाच आवाज पुन्हा पुन्हा येत होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले. धाडस म्हणून नाही. घरात चौथं कुणी नव्हतं.

आमच्या कन्हेरी गावात त्यांना सगळे काटेवाले तात्या म्हणत. बत्तीस वर्षं ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, वजाबाकी करून पावती द्यायची. एकदा आमचीच गाडी काट्यावर चढली आणि सुनीलचे वडील वर उसावर बसून राहिले, म्हणजे तेवढंच वजन जास्त. तात्यांनी भर रांगेत सख्ख्या भावाला खाली उतरवलं. "दादा, तुमच्यातनं साकर निगत न्हाय," म्हणाले. सुनीलचे वडील त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही.

तात्या निवृत्त झाले तोवर माझा नवरा वारला होता, त्यांची बायको आधीच गेलेली, जेवायला ते आमच्यात असायचे. इंदापूरला दिलेल्या मुलीनं मोबाईल घेऊन दिला आणि त्यांचा काटा पुन्हा सुरू झाला. गावाच्या ग्रुपवर कुणी काहीही टाकलं की तात्या आवाजातला मेसेज पाठवायचे. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळं मला ते बरं पडायचं. कुणी टाकलं, अमुक पाला खाल्ला की साखर उतरते. तात्या विचारत, "तू खाल्लास का निस्ता पुडं ढकाललास? पावती दाव." कुणी पानभर देशाची बातमी टाकली की म्हणत, "ही सगळी गाडीच हाय, ऊस कुटं हाय ह्यात?" लोक हसायचे. ज्याची गाडी रिकामी निघाली तो हसायचा नाही.

फुटबॉलचंही तेच. आमच्या शाळेच्या मैदानावर शेरडं चरतात, पण सामने आले की अर्धं गाव ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं. तात्या ब्राझीलचे, कारण पिवळा शर्ट लांबून दिसतो. सुनील अर्जेंटिनाचा, कारण तात्या ब्राझीलचे. एक ओट्यावर, एक गोठ्याशी, दोघं एकमेकांकडं पाठ करून मोबाईलवर भांडायचे. मी म्हटलं, "अरे दोन हातांवर बसलाय, तोंडानं बोला की."

तात्या म्हणाले, "वैनी, तोंडानं बोललं की भांडाण हुतंय."

मग वरच्या पुढाऱ्यांत फूट पडली आणि गावात दोन गट झाले. आमच्या घरात पण झाले. सुनील एकीकडं, तात्या दुसरीकडं. थट्टा संपली. ग्रुपवर एकाच वाड्यातली माणसं एकमेकांना विकली गेलेली म्हणू लागली. आमच्यात ताटं वेगवेगळ्या वेळेला पडू लागली. एक जेवून उठला की दुसरा यायचा. मी दोनदा भाकरी थापत होते.

त्यात सुनीलचं लग्न. तेहतीस वर्षांचा झाला होता. आमच्या भागात आता मुलीकडचे आधी विचारतात, पोरगा परमनंट हाय का? सुनील एमआयडीसीत सात वर्षं कामाला, पण कंत्राटावर. तीन स्थळं ह्याच कारणानं गेली होती. चौथं इंदापूर तालुक्यातलं आलं. पोहे खाता खाता मुलीच्या मामानं तोच प्रश्न विचारला. सुनीलनं मान खाली घातली. मी म्हटलं, "परमनंट हाय." तात्या तिथंच होते. पोह्याची बशी ठेवून बाहेर निघून गेले.

संध्याकाळी मला म्हणाले, "वैनी, रिकामी गाडी तोलायची ऱ्हायलीया."

"लगीन हुं द्या, मग तोला," मी म्हटलं.

दोन महिने ते त्याबद्दल गप्प राहिले. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही.

चूक सुनीलची. आपलं गावातलं वजन पाव्हण्यांना दिसावं म्हणून त्यानं मुलीच्या मामाला गावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. वाढदिवसाला किती लोक हात जोडतात, पुढारी कसे नावानं हाक मारतात, ते मामानं बघावं. मामा कधी एक अक्षर लिहायचा नाही. नुसता वाचायचा. म्हणून तो आत आहे हे सगळे विसरले. आम्हीही.

रविवारी सुपारी फुटायची होती. गुरुवारी ब्राझील हरलं. सुनीलनं पिवळ्या शर्टाला हार घातलेला फोटो टाकला. तात्यांनी उत्तर दिलं. मधे कुणीतरी निवडणूक आणली. दिवसभर दोघांची जुंपली, बाकीचे मजा बघत होते. शेवटी सुनीलनं लिहिलं, "तात्या रिटायर झाले, आता डोकं पण रिटायर करा. तुमच्या गटात तसंच चालतं."

तात्यांनी आवाज पाठवला. "मी बत्तीस वर्सं परमनंट हुतो. तू सात वर्सं कंत्राटावर हायेस. आदी तुजं बघ, मग देशाचं बघ."

शुक्रवारी सकाळी मामाचा फोन आला. दोन वाक्यं बोलला, सुपारी रद्द म्हणाला आणि ठेवला. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

मी सुनीलला म्हटलं, "त्ये खोटं बोलले न्हाईत. खोटं मी बोलले. तू ऐकत बसलास."

"आई, बाजूला हो."

"न्हाय होत."

मागून तात्या म्हणाले, "मामा आत हाय ह्ये माज्या ध्येनात न्हवतं. पर ध्येनात असतं तर बोललो नसतो, आसं मी म्हननार न्हाय." अशा वेळेला कुणी असं बोलतं का? पण ते बोलले. सुनीलनं मला ढकललं आणि कोयता घातला. तो बाजेच्या लाकडात बसला, तात्यांच्या मांडीपासून वीतभर. सुनील तो ओढू लागला. निघेना. तात्यांच्या हातातला चहा सगळा धोतरावर सांडला होता. ते म्हणाले, "वढू नगंस. हलवून काड." सुनीलनं कोयता सोडला आणि खाली मातीत बसला.

दुसऱ्या दिवशी तात्या कुणाला न सांगता एसटीनं त्या स्थळाच्या गावी, मुलीच्या बापाकडं गेले. संध्याकाळी आले तेव्हा मी विचारलं, काय बोललात?

"म्हनलं, पोरगं कंत्राटावर हाय, पर सात वर्सात खाडा न्हाय. दारू न्हाय."

"कोयत्याचं?"

त्यांनी चपला झटकल्या. "त्येनी इचारलं न्हाय."

बत्तीस वर्षांत न केलेली गोष्ट ते करून आले होते, वजन लपवून आले होते. तरी उपयोग झाला नाही. मुलीचा बाप त्यांना म्हणाला, कंत्राटावरचा पोरगा आम्ही पत्करला असता, पण आईनंच तोंडावर खोटं सांगितलं, त्या घरात मुलगी देत नाही. हे तात्यांनी मला सांगितलं. सुनीलला सांगितलं नाही. चुलत्यानं माझं लग्न मोडलं असं सुनील गावभर सांगत राहिला आणि पावती मागणारा माणूस ऐकून घेत राहिला. मी पण तोंड उघडलं नाही.

महिनाभरात ते इंदापूरला मुलीकडं राहायला गेले. जाताना म्हणाले, "वैनी, आता एकदाच भाकरी थापा." ग्रुपमधून बाहेर पडले. तिथं आता पाला खाऊन साखर उतरते, कुणी काही विचारत नाही.

छातीच्या दुखण्यानं ते दवाखान्यात वारले, तेव्हा सुनीलला मी सगळं सांगितलं. मुलीचा बाप काय म्हणाला ते जसंच्या तसं. तो इंदापूरला जाऊन तात्यांना खांदा देऊन आला. माझ्याशी कामापुरतं बोलतो. लग्न झालेलं नाही.

त्या सकाळी अंगणात आम्ही तिघं होतो. तात्या त्यानंतर दोन वर्षं जगले. सुनील आणि मी अजून आहोत.