युलालीच्या धक्क्यावरचा बेबे

ओविड थेरिओचा फोन वाजला की तो आधी कॉफीचा कप खाली ठेवी. पलीकडचं माणूस नेहमी एकच वाक्य बोले आणि ते ऐकून कॉफी नाकात जायची भीती असे.

"आमच्या कालव्यात मगर आहे."

"मग कुठे असायला हवी होती, मॅडम? चर्चमध्ये?"

एवढं झालं की तो मुकाट्याने पत्ता लिहून घेई. लुइझियानाच्या दलदलीत, बायू मारेन या संथ ओढ्याच्या आसपास, लोकांच्या दाराशी आलेल्या मगरी पकडायचा सरकारी परवाना त्याच्याकडे होता. पगार नाही. मोठी मगर मारली तर कातडं आणि मांस त्याचं; चार फुटांच्या आतली असली तर दूर दलदलीत नेऊन सोडायची. वय चौसष्ट, पोट माणसाच्या आधी दारात शिरणारं, डाव्या हाताला साडेचार बोटं. उरलेलं अर्धं मगरीने खाल्लं, असं तो पाहुण्यांना सांगे. खरं तर ते बोटीच्या पंख्यात गेलं होतं, पण तेवढ्या गोष्टीला बिअर कोण पाजणार?

त्याच्या लहानपणी मगरी जवळजवळ संपल्याच होत्या. त्याच्या बापासारख्यांनीच कातड्यांपायी संपवल्या होत्या. एकदा बापाने त्याला आणि थोरल्या बहिणीला, युलालीला, होडीत बसवून दोन तास वल्हवत नेलं, ते फक्त एक मगर दाखवायला. "नीट बघून घ्या," बाप म्हणाला, "तुमच्या पोरांना दिसायची नाही." पुढे शिकारीवर बंदी आली, अंडी जपली गेली आणि आता मगरी लोकांच्या टपालपेटीखाली ऊन खात पडत. बाप चुकला याचा ओविडला आनंदच होता. फक्त मधल्या काळात लोकांनी दलदल बुजवून बंगले बांधले, त्यामुळे माणसांना आणि मगरींना मिळून एकच अंगण उरलं.

मे महिन्यात सरकारी कचेरीतून आलेल्या तक्रारीत युलालीच्या घरामागच्या कालव्याचं नाव होतं. तक्रार पलीकडे नव्याने राहायला आलेल्या हॅस्किन कुटुंबाची होती. त्यांची चार वर्षांची मुलगी धक्क्यावर बसली असताना साडेदहा फुटांचा मगरीचा नर समोर आला. हल्ला केला नाही. तोंड उघडून नुसता थांबला.

'थांबला' हा शब्द वाचून ओविडने उरलेली कॉफी ओतून दिली. माणसाला बघून पळणाऱ्या मगरीला तो घाबरत नसे. वाट बघणारी मगर वेगळी.

ती कुणाची वाट बघते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. युलाली अठ्ठ्याहत्तरची. नवरा नेस्टर गेल्याला नऊ वर्षं झाली होती. रोज चार वाजता ती धक्क्यावर जाऊन पातेल्यावर डाव आपटे आणि पाण्यातून तिचा 'बेबे', म्हणजे बाळ, डोकं वर काढी. मग त्याला भात आणि कोंबडीच्या माना.

"लाली, मगरीला खायला घालायला मनाई आहे. शंभरदा सांगितलं."

"तुलाही घालते की. त्याला कुणाची मनाई नाही?"

"मी शेजाऱ्यांच्या पोरीसमोर तोंड उघडून बसत नाही."

"ती पोरगी गोड खाऊ घेऊन आली तर बसशील." युलालीने भांडं विसळून पालथं घातलं. मग हळूच म्हणाली, "नेस्टर गेला त्याच आठवड्यात आला रे तो. आपण होऊन आला. या घरात माझ्या हाकेला ओ देणारं दुसरं कोण उरलंय?"

खरं काय ते ओविडला ठाऊक होतं. आपण होऊन आला नव्हता तो. नेस्टरच्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी ओविडने एका पोहण्याच्या तलावातून साडेतीन फुटांचं पिल्लू पकडलं होतं. ते तासभर आत दलदलीत नेऊन सोडायचं होतं. पण युलालीने गंबोचा दाट रस्सा शिजवून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि उशीर झाला होता. त्याने पिल्लू तिच्या घरामागेच सोडलं आणि हात धुऊन पानावर बसला. ती मगरीबद्दल पहिल्यांदा बोलली तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला होता की खरं सांगायचं राहून गेलं, आणि मग राहतच गेलं.

शेवटी बेबेला पकडायला ओविडने काठावर काठी रोवून, पाण्यावर लोंबत्या दोरीला गळ आणि गळाला गुरांचं फुप्फुस टांगलं. तीन दिवस त्याला कुणी शिवलं नाही. युलालीच्या हातचं जेवणारा ते सडकं फुप्फुस कशाला खाईल?

चौथ्या दिवशी दुपारी दोघं भावंडं धक्क्यावर बसली होती. बेबे काठाशी पडून होता. पलीकडे हॅस्किनांची मुलगी पत्र्याची बादली घेऊन आली आणि खेळता खेळता तिने बादलीवर फावडं आपटलं. टण टण टण.

बेबेने डोकं वळवलं. मग तो सरळ, सावकाश, तिच्याकडे पोहत निघाला.

ओविडच्या ओरडण्याने मुलीची आई धावत आली आणि तिने पोर उचललं. बेबे रिकाम्या धक्क्याखाली तोंड उघडून थांबला.

"मी शिकवलं हे त्याला," युलाली म्हणाली. "माझंच पाप."

"नाही. लाली, त्याला इथे मी आणला." आणि ओविडने सगळं सांगून टाकलं, तलावापासून गंबोपर्यंत, खाली मान घालून.

तिने पलीकडे बेबेकडे पाहिलं.

"म्हणजे तो आला नव्हता."

"नाही."

"गंबो कसला होता त्या दिवशी?"

"बदकाचा."

"मग निम्मं पाप माझंच," ती म्हणाली आणि उठली.

घरातून ती पातेलं आणि डाव घेऊन आली. पातेल्यात भात होता, कोंबडीच्या माना होत्या, रोजच्यापेक्षा जास्तच. "तुझ्या गळाला तो यायचा नाही. मी बोलावते. पण एका गोळीत आटप."

"तू आत जा. मी आपटतो डाव."

"तुझ्या हाताला ती लय आहे का?"

तिने डाव आपटला. बेबे कालवा ओलांडून आला. तिने त्याला पोटभर वाढलं, सगळं पातेलं, आणि बाजूला झाली. ओविडने बंदूक उचलली आणि कवटीमागची नाण्याएवढी जागा धरून गोळी घातली. एकच. शरीर शांत होईपर्यंत युलाली तिथेच उभी होती. कातड्याला हात लावायचा नाही, म्हणाली. म्हणून ओविडने बेबेला तसंच होडीतून नेऊन दलदलीत पुरलं. ती महिनाभर भावाशी एक अक्षरही बोलली नाही.

जूनच्या अखेरीस ओविडने शाळेच्या गटारातून तीन फुटांचं पिल्लू पकडलं. तोंड बांधून ते होडीत ठेवतोय, तोच युलाली टोपी घालून आली आणि पुढच्या फळीवर बसली. तासभर होडी आत गेली. घरं संपली, विजेचे खांब संपले, सायप्रसची झाडं दाट झाली. ओविडने इंजिन मंद केलं.

"अजून पुढे," युलाली म्हणाली.