कुणाच्या हळदीची साडी

रेवदंड्याहून अलिबागला जाणाऱ्या शेअर रिक्षेत एक काकी रोज माझ्या शेजारी बसायची आणि रोज एकच रडगाणं गायची, कपाटाचं दार लागत नाही. आमच्याकडे लग्नघरातल्या सगळ्या बायका हळदीला एकाच रंगाची साडी नेसतात, आणि रंग ठरवते नवरदेवाची आई. अशाच साड्यांनी काकीचं कपाट फुगलेलं. अंगावरच्या साडीचा पदर मांडीवर ताणून ती सांगायची, ही पुतण्याची, कालची भाच्याची. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एक दिवस मी वैतागून म्हटलं, "अहो काकी, वाटून टाका सगळ्या. तुम्हाला शोभतील अशा पाच-सहाच ठेवा."

"पोपटी दिली तर नणंद इचारील, माझ्या पोराची हळद इसरलीस व्हय?"

"मग निदान एक तरी स्वतःच्या आवडीची घ्या! कुठला रंग आवडतो तुम्हाला?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती बाहेर बघत राहिली. अलिबाग आलं, सगळे उतरले, तरी तिचं पदर गुंडाळणं चालूच. मी चिडून चालायला लागले, तेव्हा मागून तिने अगदी मनापासून विचारलं, "कोनाच्या हळदीला?"