मुलीकडचे पाहुणे

कंपनीच्या बसमध्ये वीस वर्षं एकाच सीटवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून अंगावर साचतात, कुरकुंभच्या प्लँटमधल्या वासासारखे! घरी जाऊन आंघोळ केली तरी जात नाहीत. आमच्या दौंड ते कुरकुंभ बसमधले निम्मे किस्से एका क्रिकेटपटूचे आहेत. त्याचं नाव सांगत नाही. भला माणूस आहे, उगाच वाचेल बिचारा.

*

त्याची भक्त माझी बायको, कुमुद. त्या काळी बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. कुमुद फक्त याची जमवायची. का, तर म्हणे, "आऊट झाला की पंचाकडे बघत नाही. बॅट काखेत मारतो आणि चालू लागतो."

आमच्या लग्नाच्या अल्बमची मागची पानं कोरी होती. तिनं कार्डं तिथं लावली. एकदा खुटबावची माझी आत्या अल्बम बघत बसली. मुंडावळ्या झाल्या, अक्षता झाल्या, पंगत झाली, आणि पुढच्या पानावर हा!

"आन् ह्यो कुणाकडचा रं? काठी घिऊन उभा हाय त्यो?"

मी काही बोलायच्या आत कुमुद म्हणाली, "माझ्याकडचा, आत्या."

आत्यानं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "बरा हाय. पर लग्नात काठी कशाला आणली म्हनायची?"

*

पुढे त्याचा फॉर्म गेला. आमच्या बसचे ड्रायव्हर आबा स्टेअरिंगखाली ट्रान्झिस्टर ठेवायचे. एकदा ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे हा बॅटिंगला आला आणि मोरी ओलांडेपर्यंत परत गेला!

आबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "काय ह्यो पाव्हणा! आला, उंबऱ्यात उभा ऱ्हायला, च्या न घेता गेला!"

तेव्हापासून बसमध्ये त्याचं नाव 'पाव्हणं'. कुमुदला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आबांना म्हणावं, घाईत आहेत ते. एकदा निवांत येतील, तेव्हा चहा पाजा."

*

कुमुद गेली त्या वर्षी त्याची चार कार्डं निघाली होती. कार्डामागे त्या वर्षीच्या सगळ्या कार्डांची यादी छापलेली असायची. बॅटिंगची दोन तिनं लावली होती, टोपी घातलेलं एक लावलं होतं. चौथं फिल्डिंगचं. शेवटच्या पानावर त्याची जागा तिनं कोपरे चिकटवून तयार ठेवली होती.

तेराव्यानंतर मी कामावर निघालो. दौंडच्या स्टँडवरच्या टपरीवर थांबलो आणि बबलगम घेतलं. बसमध्ये चढलो तर माझ्या सीटजवळ ढमढेरे. हा आमच्या लॅबमधला, मूळ शिरूरकडचा, दौंडला क्वार्टरवर राहायचा. तोंडाचा फटकळ. पाव्हण्यांना टीममधून काढल्याची बातमी त्या दिवशीच्याच पेपरात होती.

"तुमी अजून घेताय व्हय?" तो म्हणाला. "आता वहिनी न्हाईत, पाव्हणं टीममधी न्हाईत. बंद करा की."

आबांनी गिअरसुद्धा बदलला नाही.

"चौथं मिळालं की बंद करीन," मी म्हणालो.

ढमढेरेनं हात पुढे केला. "आना हिकडं एक. एकटं किती चघळणार तुमी?"

*

आठवड्याभरात सगळी लॅब रवंथ करायला लागली! आमची कंपनी केमिकलची. आत काही खायला सक्त मनाई. सेफ्टी ऑफिसर राउंडला आले, तर सगळ्यांचे जबडे हलतायत.

"ढमढेरे, आत खायला बंदी आहे, माहीत आहे ना?"

"खात न्हाई साहेब. गिळायचं नसतंय ह्ये."

"मग तोंडात कशाला?"

"पाव्हणं हुडकतोय!"

साहेबांनी आम्हाला गेटबाहेर काढलं. जेवणाच्या सुट्टीत बघतो तर तेही गेटसमोरच्या टपरीवर उभे. पुडी फोडून कार्ड माझ्यापुढे धरलं. "हा का?"

हा नव्हता.

*

नवीन हंगामाचा माल आला, त्यात तो नव्हताच. ढमढेरेनं एका नव्या पोराचं कार्ड आणलं. पोरगा तेव्हा रोज पन्नास मारत होता.

"ह्यो लावा त्या जागंवर. फॉर्मात हाय."

"लग्नाचा अल्बम आहे तो," मी म्हणालो. "कुणालाही कसा बसवू?"

ढमढेरेनं कार्ड खिशात घातलं. "ते बी खरं. वळखपाळख न्हाई, आन् डायरेक पंगतीला!"

*

मग राहिला जुना माल. सुट्टीच्या दिवशी मी खेड्यांतली दुकानं धुंडाळायला लागलो. खुटबावला एका दुकानात अडगळीत पडलेली अख्खी बरणी मिळाली. बबलगम इतकं जुनं की प्लँटमधल्या यादवनं एक तोंडात टाकलं आणि गाल धरून बसला.

"साहब, ये च्युइंगम है कि गिट्टी?"

ढमढेरेनं त्याचा तुकडा लॅबच्या खलबत्त्यात घातला. तुकडा तसाच राहिला, बत्त्याचा टवका उडाला! तुकडा बाटलीत टाकून त्यानं वर लेबल लावलं : 'सॅम्पल – पाव्हणं. कशानंच फुटत नाही.'

बरणीत चौथं नव्हतं. टोपीचं मात्र पुन्हा निघालं. ते आबांनी मागून घेतलं आणि ट्रान्झिस्टरवर चिकटवलं.

*

आणि मग शिरूरची गोष्ट.

ढमढेरेनं बातमी आणली, की शिरूरला टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत आणि उद्घाटनाला खुद्द पाव्हणं येणार! रविवारी आम्ही आबांच्या भावाच्या जीपमधून निघालो. मी अल्बम पिशवीत घेतला होता.

उद्घाटनाचा पहिला बॉल पाव्हण्यांनी खेळायचा होता. न्हावरे गावच्या एका पोरानं टाकला आणि मधला स्टंप उडवला! पंच बिचारा घाबरून ओरडला, "नो बॉल! साहेब, थांबा, नो बॉल हाय!"

त्यांनी पंचाकडे बघितलं नाही. बॅट काखेत मारली आणि चालू लागले.

मंडपात गर्दी ओसरल्यावर मी अल्बम पुढे केला. त्यांनी मागची पानं चाळली. स्वतःला इतक्या वेळा बघून ओशाळल्यासारखं हसले. शेवटच्या पानावर थांबले.

"ही जागा?"

"तुमचीच. फिल्डिंगचं कार्ड. मिळत नाही."

"आता कुठं मिळणार! टीमनं सोडलं, बबलगमवाल्यांनी सोडलं. तुम्ही का नाही सोडत?"

"नाही सोडत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग अल्बम उलटा चाळत पार पहिल्या पानापर्यंत गेले. मुंडावळ्यांचा फोटो बराच वेळ बघितला. म्हणाले, "या लग्नात मी कुणाकडचा?"

"मुलीकडचे तुम्ही."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आबा आले. हातात बशीनं झाकलेला चहाचा कप. "पाव्हणं, आज च्या घेतल्याबिगार जायाचं न्हाई!"

त्यांनी कप घेतला. बशी काढली. आणि तोंडाला न लावता दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"मुलीकडचा ना मी? मग आधी जावयांनी घ्यायचा."