स्पीकरमामाचं चूलबंद आवतन

माइक चालू आहे का हे बघायला लोक ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात. माझे मामा तसं कधीच म्हणाले नाहीत. रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून खरखर सुरू झाली की समोर जो दिसेल त्याची ते खबर घ्यायचे. “पारावर बसलेल्या तात्यांनी चहाची बशी खाली ठेवावी. शुगर वाढलीय हे ते विसरले असतील, काकू विसरल्या न्हाईत.” तात्या बशी खाली ठेवायचे, पारावरची माणसं हसायची आणि मामांना कळायचं, माइक बराबर चालू आहे. मग कामाचं. खताच्या दुकानात नवीन माल आलाय, कुणाचं वासरू सुटलंय, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार आहे. अख्खं गाव त्यांना स्पीकरमामा म्हणायचं. त्यांची खरी भाची मात्र मी एकटी.

आमच्या वाडीवर दहावीच्या पुढं शाळा नव्हती. आईनं मला तिच्या या भावाकडं आणून ठेवलं, कारण त्यांच्या गावाहून अंबडच्या कॉलेजला एस.टी. सोयीची होती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठंही न विचारता सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. मामांनाही त्याचा माझ्याहून जास्त अभिमान होता. एस.टी. यायच्या वेळी फाट्यावर असले तर भोंग्यावरून सांगायचे, “ड्रायव्हरसाहेब, आमची बाई येऊन राह्यलीय, पायात नवी चप्पल हाय, जरा दम धरा.” मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. ड्रायव्हर मात्र थांबायचा.

आता सगळीकडं पेन ड्राइव्ह लावून तीच तीच रेकॉर्ड वाजवत फिरतात. मामांनी तसं केलं नाही. जिथं गमी, म्हणजे कुणाचं मरण झालं असेल त्या गल्लीत ते रिक्षा बंद करून ढकलत न्यायचे आणि साबणाच्या सेलची जाहिरात पुढच्या गल्लीत गेल्यावर सुरू करायचे. मी विचारलं तर म्हणाले, “यंत्राला घर दिसत न्हाई, मला दिसतं.” दुकानदार पैसे देऊन त्यांनाच बोलवायचे ते यासाठी. स्पीकरमामा म्हणाला म्हणजे खरं, असं पंचक्रोशीत होतं. त्यांची सगळी शेती म्हणजे हा शब्द.

आणि या शब्दालाच आजार लागला होता.

मी राहायला गेले तेव्हा मला वाटलं, मामांचा स्वभावच लहरी आहे. मामीनं हळूहळू तिची भाषा शिकवली. ती म्हणायची, “सध्या चढ हाय,” किंवा, “उतार लागला बघ.” चढावर असले की मामा झोपत नसत, पहाटेच रिक्षा धुवायचे, एकदम चार धंदे काढायचे, बोलताना एक वाक्य दुसऱ्यावर चढायचं. उताराला लागले की रिक्षावर ताडपत्री पडायची आणि मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवायला उठवलं तर, “आवाज न्हाई गं,” एवढंच. जणू जेवायलाही आवाज लागतो. बाकीच्यांच्या घरात वर्षाला सण येतात, आमच्याकडं चढ-उतार यायचे. एक संपला म्हणून अंगण सारवावं तर दुसरा दारात. मधे पंधरा-वीस दिवस बरे गेले की मामी माझ्या आईला फोन करून सांगायची, जसं काही गावात पाऊस झालाय.

लोक काही ना काही सांगायचे. कुणी म्हणायचं करणी आहे, कुणी म्हणायचं कामचुकार आहे, कुणी गुपचूप पितो म्हणून हसायचं. मामांनी आयुष्यात दारू घेतली नाही. मामी गंडेदोरे करून आली, दर्ग्यावर चादर चढवून आली, बाहेर मात्र “ह्यांचा घसा धरलाय” असंच सांगत राहिली. स्पीकरवाल्याच्या बायकोला ते कारण सोयीचं होतं.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा मामा चढावर होते. मी वाडीवर आईकडं गेले होते. त्या दिवशी मामांनी गल्लीगल्लीतून पुकारलं की आमची भाची बी.एस्सी. पास झाली, उद्या दुपारी अख्ख्या गावाला चूलबंद आवतन आहे. आमच्याकडं चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोरांना, आलेल्या पाहुण्यालासुद्धा जेवायला बोलावणं. त्या दिवशी त्या घरानं चूल पेटवायची नाही. असं आवतन लग्नाला देतात, तेही ठरावीक घरांना. अख्ख्या गावाला चूलबंद कुणी देत नाही. पण मामांनी दिलं, म्हणून लोकांनी धरलं. पेन ड्राइव्हनं सांगितलं असतं तर शंका आली असती, मामांच्या शब्दाची कुणाला आली नाही.

निकाल लागला नव्हता. घरात पाहुण्यापुरतंही पीठ नव्हतं. मामी शेजारच्या गावात बहिणीकडं गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परतली आणि मीही तेवढ्यात पोचले, तर पारावरच्या बायका मला ओवाळायलाच उठल्या. एक जण म्हणाली, “आम्ही तर कालची भाकरपण गाईला घातली.” मामी घराकडं पळाली. मामा अंगणात मंडप कुठं घालायचा ते पावलांनी मोजत होते आणि जालन्याहून आचारी येऊन राह्यलेत असं सांगत होते. कुठलेच आचारी येत नव्हते.

मला वाटलं, घसा, ताप, कुणाच्या मरणाचा निरोप, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. मामी वळली. रिक्षापाशी गेली आणि जन्मात पहिल्यांदा माइक हातात घेतला. तो तोंडापासून हातभर लांब धरला होता, तरी सगळ्या गावाला ऐकू गेलं.

“मी स्पीकरमामाची बायको बोलतीय. कालचं आवतन ह्यांनी दिलं न्हाई, ह्यांच्या आजारानं दिलं. घरी स्वयंपाक न्हाई. आपापल्या चुली पेटवा. आजार डोक्याचा हाय. मी आजवर घसा सांगत आले, आता न्हाई सांगत.”

मामांनी माइक हिसकावला. “माझा शब्द मोडला तू,” एवढंच म्हणाले आणि तरातरा शिवाराकडं निघून गेले. मामीनं त्यांना जाऊ दिलं, पण मागं तात्यांना पाठवलं.

मी दार लावून बसायच्या विचारात होते. थोड्या वेळानं काकू, म्हणजे तात्यांची बायको, डोक्यावर परात घेऊन आली आणि मामीला म्हणाली, “स्वयंपाक न्हाई म्हनलीस, चूल तर हाय ना?” मग कुणी बेसन आणलं, कुणी मिरच्या, आमच्या मागच्या मुसलमान घरातल्या आपांनी कांद्याची टोपली सरकवली आणि म्हणाल्या, “जल्दी कर गं, पोरं भुकेजली.” पिठलं-भाकरी झाली. सगळं गाव आलं नाही. काही घरं रागावली, दोन दुकानदारांनी पुढं कितीतरी महिने मामांना काम दिलं नाही. पण अंगण भरलं होतं. तात्या मामांना घेऊन आले, शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, “पोरी, आता नापास झालीस तर भाकरी परत मागू.” मी फर्स्ट क्लासमधे पास झाले, हेही इथंच सांगून टाकते.

पण त्यानंतरचा उतार फार खोल होता. मामांनी भोंगा काढून माळ्यावर टाकला आणि सांगितलं, या तोंडानं परत बोलणार न्हाई. मामी त्यांना जालन्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी सोबत होते. डॉक्टर मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, या आजाराला बायपोलर म्हणतात. काही जणांना दोन फेऱ्यांमधे बराच काळ मोकळा मिळतो, यांचे फेरे वर्षातून कितीतरी वेळा, लागोपाठ येतात. असा आजार आवरायला वेळ लागतो, औषध बदलून बघावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. मामांनी सगळ्यात एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, आवाज राहील का माझा?”

“राहील,” मॅडम म्हणाल्या. “वेग कमी होईल.”

पहिल्या गोळ्या मानवल्या नाहीत. दुसऱ्यांनी हात थरथरायचे, तहान लागायची, रक्त तपासायला जालन्याच्या खेपा व्हायच्या. एकदा मामांनी “मी ठणठणीत हाय” म्हणून गोळ्या सोडल्या आणि महिन्याच्या आत पुन्हा चढ. तेव्हा त्यांनी स्वतःच मामीला सांगितलं, “आपण जालन्याला जाऊ. माझी वाक्यं एकमेकांवर चढून राह्यलीत.” हे त्यांना आतून ओळखू आलं, तिथं माझा जीव भांड्यात पडला.

भोंगा खाली आला तो मामीच्या अटीवर. जे पुकारायचं ते आधी गॅसपाशी उभं राहून तिला ऐकवायचं. गिऱ्हाइकानं न सांगितलेलं एखादं वाक्य आलं की ती पोळी उलटता उलटता विचारायची, “हे कुणी सांगितलं?” मामा चिडायचे, म्हणायचे, सेन्सॉर बोर्ड घरातच निघालं. पण ते वाक्य गाळायचे. तात्यांच्या शुगरला मात्र मामीनं कायमची परवानगी देऊन टाकली. गावानंही हातभार लावला. मामा फार भराभर बोलायला लागले की चहावाला बिलकुल न लाजता म्हणायचा, “मामा, एकदा घरी ऐकवून या.” आणि मामा जायचे. पूर्वी असं म्हणणाऱ्याची त्यांनी गचांडी धरली असती.

मला जालन्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. निघायच्या दिवशी मामा उतारावर होते. रिक्षावर ताडपत्री होती. मी पाया पडले तर पडल्या पडल्याच डोक्यावर हात ठेवला. मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होते, तेवढ्यात तात्यांचा पुतण्या धावत आला, म्हैस दिसली का विचारलं आणि मामांच्या घराकडं पळाला. म्हैस सुटली होती, गाभण होती.

थोड्या वेळानं भोंगा खरखरला. कुणाची खबर नाही, चेष्टा नाही. सपाट, जड, जमिनीलगतचा आवाज. “तात्यांची म्हैस सुटलीय. गाभण हाय. शिंग मोडकं. दिसली तर कळवा.” पुन्हा तेच, पुढच्या गल्लीत. रिक्षा फाट्याकडं आली तेव्हा मामांनी मला बघून ती थांबवली. दाढी वाढलेली, सदरा उलटा. मी म्हणाले, “मामा, तुम्ही कशाला उठलात?”

ते म्हणाले, “आवाज न्हाई गं आज. पण म्हैस तर हरवलेलीच हाय.”

एस.टी. आली. मी खिडकीतून बघत राहिले. रिक्षा दुसऱ्या वस्तीकडं हळूहळू चालली होती.

संध्याकाळी मी जालन्याहून मामीला फोन केला. म्हैस पाझर तलावाकडं सापडली होती. मी मामांचं विचारलं.

“झोपलेत,” मामी म्हणाली. “पण उद्याची दोन कामं घेऊन झोपलेत.”