खाली बघणारी बाई

माझं शुद्धलेखन चौथीपर्यंतचं आणि अक्षर त्याहून वाईट. हे कागद कोणाच्या हाती लागलेच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. मी मनातला वैताग निघावा म्हणून लिहिते आहे.

संस्थान विलीन झालं तेव्हा यजमानांची फौजेतली नोकरी गेली. ते पाटणकर बाजारात एका दुकानावर बसू लागले, पण घर चालायचं माझ्या पगारावर. मी बायकांच्या दवाखान्यात कापडाची कोठी सांभाळायची. चादरी, खोळी, टॉवेल.

तिथल्या जुन्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी रीत शिकवली होती. वरिष्ठ बोलत असताना नजर त्यांच्या पायांवर ठेवायची, आणि निघताना पाठ न दाखवता उलट पावलांनी दारापर्यंत जायचं. मी मुळातच बुजरी. ही रीत मला सोयीचीच पडली.

विलीनीकरणानंतर इंदूरहून नव्या बाईसाहेब आल्या. थोड्याच दिवसांत कोठीत चादरी कमी भरल्या आणि त्यांनी मला बोलावलं.

"चादरी कुठे गेल्या?"

"माहीत नाही, बाईसाहेब," मी त्यांच्या चपलांकडे बघून म्हटलं.

"माझ्याकडे बघून सांगा."

मान वर होईना. पदर पुढे ओढला आणि सवयीने मागे मागे सरकले.

"बघा, कशा पळ काढताहेत," त्या कारकुनाला म्हणाल्या.

चादरींची किंमत माझ्या पगारातून कापली. पुन्हा काही कमी भरलं तर घरी बसा, असंही सांगितलं. चोरी हाताने होते की मानेने, एवढंच मला विचारायचं होतं.

दवाखान्यातली आमची दाई म्हणाली, "जिज्जी, आँख मिलाकर बात करो. चोर भी तुमसे सीधा खड़ा होता है."

मग घरी यजमानांना समोर बसवून सवय केली. ते म्हणाले, "अशी बघत राहिलीस तर मीच कबूल करीन."

पुढे बाईसाहेब कोठीत आल्या तेव्हा त्यांच्याकडे सरळ बघून म्हटलं, मी चादरी नेल्या नाहीत.

"डोळे कोणावर वटारता?"

खाली बघितलं तर चोर, वर बघितलं तर उद्धट. मधे बघायला भिंतच होती.

पुढे वरचे साहेब तपासणीला आले. दरबारचा शिक्का असलेलं जुनं कापड कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. बाईसाहेबांनी आपल्या खोलीतली अलमारी उघडली. आल्या आल्या त्यांनीच असं कापड वेगळं काढायला सांगितलं होतं. आया ते वॉर्डांतून थेट त्या अलमारीत ठेवत गेल्या, कोठीत कोणी कळवलं नाही. माझ्या सगळ्या चादरी तिथे घडी घालून बसल्या होत्या.

"हे कोठीच्या हिशेबातून कमी केलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

बाईसाहेब त्यांच्या बुटांकडे बघत राहिल्या. बोटाला पदर गुंडाळत हळूच म्हणाल्या, "राहून गेलं, साहेब."

मी दाराशी उभी राहून बघत होते. त्यांना कोणी चोर म्हटलं नाही. जाताना साहेब कारकुनाला म्हणाले, बाई फार विनयशील आहेत.

माझी माफी कोणी मागितली नाही. कापलेले पैसे मात्र तुकड्यातुकड्यांनी परत येऊ लागले. शेवटचे पैसे कारकुनाने हातावर ठेवले तेव्हा बाईसाहेब समोरच होत्या. मी मान खाली घालून, सावकाश, त्यांच्यासमोरच मोजले. सगळे पुरे भरले.