हरिकेनची आठ लाल ठिगळं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. भूत, करणी, संकेत... यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या नाशिकच्या घरी मांजर आडवं गेलं तर आई मांजरालाच झापायची. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करायची. एखादी गोष्ट का झाली हे कळलं नाही, तर आपलं मोजमाप कमी पडलं असं मी समजतो आणि पुन्हा मोजतो. हे पण मोजून झालंय. तरी लिहितोय.

२००६ साल. मी आणि माझी बायको मेधा, चेन्नईत वेस्ट मांबलमला भाड्यानं राहत होतो. स्टेशनपासून पायी सात मिनिटं, पहिला मजला. खाली घरमालक सुंदरराव काका, वय चौऱ्याऐंशी, आणि त्यांची सून पद्मा वहिनी. मंडळी तंजावरकडची मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडचीच. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ. पहिले दोन महिने मी नुसतीच मान डोलवायचो. काकांची दृष्टी काचबिंदूनं गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा.

मला छंद स्केल मॉडेल्सचा. प्लास्टिकचे शेकडो तुकडे जोडायचे आणि हुबेहूब खऱ्यासारखं रंगवायचं. याला कुणी खेळणं म्हटलं की माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो! त्या वर्षी मोठं काम काढलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन, लढाऊ विमान, मूळच्या चोविसाव्या भागाएवढं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगलं अर्धा मीटर.

चेन्नईच्या दमट हवेत स्प्रेचा रंग वाळताना पांढुरका पडतो. म्हणून मी रविवारी भर दुपारी, कडक उन्हातच रंगवायचो, गच्चीच्या जिन्यात कॉम्प्रेसर लावून. म्हणजे नेमकी सगळ्या बिल्डिंगची झोपायची वेळ. एका रविवारी काका काठी टेकत वर आले. म्हटलं, झालं, आता बोलणी खायची.

"कसला वास हा?"

"थिनरचा. सॉरी काका, बंद करतो."

"बंद कशास करितोस? काय रंगवितोस, तें सांग."

"विमान आहे. हरिकेन."

काका पायरीवर मटकन बसले आणि हात पुढे केला. मी वाळलेला एक पंख त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट पंखाच्या पुढच्या कडेवरून सरकत गेलं आणि मशीनगनच्या भोकांपाशी बरोबर थांबलं. एका पंखात चार, दोन्ही मिळून आठ.

"आमा," म्हणाले. तमिळमध्ये आमा म्हणजे हो. "हेंच माझं काम होतं."

वहिनींनासुद्धा नीट ठाऊक नव्हतं, पण काका युद्धात हवाई दलात होते. बर्माच्या आघाडीवर, बांबूच्या जंगलातल्या धावपट्टीवर. काम विमानांच्या बंदुकांत गोळ्यांच्या माळा भरायचं. माळा भरून झाल्या की बंदुकीच्या भोकांवर लाल कापडाची ठिगळं चिकटवायची, आत धूळ-ओल जाऊ नये म्हणून. हवेत पहिली गोळी सुटली की ठिगळ फाटतं. विमान उतरलं की सगळे धावत आधी ठिगळं बघायला. शाबूत असली तर गोळीबार झालाच नाही, फाटली असली तर झाला.

पुढच्या तीन-चार रविवारी काका येऊन पायरीवर बसायचे. मी रंगवायचो, ते बोलायचे. एका रविवारी त्यांनी ते सांगितलं. साठ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

गोळ्यांची माळ बंदुकीत घालण्याआधी एका हँडलच्या यंत्रातून फिरवायची, म्हणजे सगळ्या गोळ्या एका रेषेत येतात. एक जरी केसभर पुढे-मागे राहिली तरी बंदूक अडकते. त्या सकाळी काकांनी उजव्या पंखाच्या चार माळा यंत्रातून फिरवल्या. तेवढ्यात सर... काका त्या वैमानिकाला सरच म्हणायचे... सर येऊन कॉकपिटमध्ये बसलेसुद्धा. इंजिन सुरू. काकांनी डाव्या पंखाच्या चार माळा नुसत्या हातानं चाचपल्या, भरल्या, ठिगळं लावली आणि अंगठा दाखवला.

सर परत आले नाहीत. सोबतच्या विमानातल्यानं एवढंच सांगितलं की जपानी विमान मागे लागलं, दोघं ढगात शिरले, पुढचं दिसलं नाही.

"मरण येणारच होतं तर येवो रे," काका म्हणाले. "पण त्यांनी बटण दाबिलं आणि डाव्या बंदुका वाजल्याच नाहीत, असं तर जाहलं नाही ना? मीं त्यांस रिकाम्या हातानं धाडिलं काय? इतकंच कळावं वाटतं."

मी शहाणपणा केलाच. "काका, ते आता कसं कळणार?"

"नाहीं कळत. परवाइल्ला," म्हणजे असू दे. "तूं विमान कर. पण उडायच्या अगोदर होतं तसं."

ही अट आम्हा मॉडेलवाल्यांना जड जाते बरं का. बंदुकांमागे धुराची काळी काजळी ओढणं हा आमचा सगळ्यात आवडता भाग. पण काकांना काजळी नको होती. विमान स्वच्छ हवं आणि आठही ठिगळं शाबूत. मी भोकांवर टिश्यू पेपरचे तुकडे डिंकानं ताणून बसवले, वरून लाल रंग दिला. काकांनी एकेकावर बोट टेकवून पास केलं. "कुंकवासारखा लाल हवा," म्हणाले. म्हटलं, तसाच आहे.

शेवटचा हात मारला तो रविवार मला मिनिटामिनिटाला आठवतो. सकाळी अकराला खिडकीशी विमानाचे फोटो काढले, डिजिटल कॅमेऱ्यानं. आठही ठिगळं धड. मग धूळ बसू नये म्हणून विमान लाकडी फळीवर ठेवून वर मोठा पुठ्ठ्याचा खोका उपडा घातला. पंखा बंद, खिडकी बंद, दार ओढून घेतलं. मी आणि मेधा समोरच्याच खोलीत जेवलो आणि तिथेच मॅच बघत बसलो. आत कुणी गेलं नाही. चार वाजता फळी खोक्यासकट उचलली आणि खाली काकांपुढे टेबलावर नेऊन ठेवली.

"उघडा काका. तुमचंच आहे."

काकांनी खोका काढला. शेपटीपासून हात फिरवत पुढे आले. उजव्या पंखाच्या कडेवर बोट गेलं आणि थांबलं.

"ठिगळं कुठं आहेत रे?"

"आहेत की, तिथेच तर..."

मी वाकून पाहिलं. ठिगळं फाटली होती. चारी. कुणी बोट लावून फाटावीत तशी आत दबलेली नाहीत, कडा बाहेर वळलेल्या. आणि प्रत्येक भोकामागे पंखावर बारीक काळी काजळी, मागपर्यंत ओढलेली. ज्या विमानावर मी काजळीची डबी उघडलीसुद्धा नव्हती त्या विमानावर.

काका डाव्या पंखाकडे सरकले. बोट फार सावकाश पुढे जात होतं. पहिलं भोक... दुसरं... तिसरं... चौथं.

"फाटलीत?" त्यांनी मला विचारलं. बोटाला कळलं होतं, तरी विचारलं.

"फाटलीत, काका. आठच्या आठ."

"डावींसुद्धां?"

"डावीसुद्धा. बोटाला काजळी लागलीय बघा."

"वाजल्या म्हण की," काका म्हणाले, आणि लहान मुलासारखे हमसाहमशी रडायला लागले. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, "अय्यो, काय जाहलं?" म्हणून. मीही रडत होतो, उगाच कशाला लपवू?

आता मोजमाप. मेधानं केलं असेल? ती दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि ती माझ्या मॉडेलला हात लावत नाही, मी फार ओरडतो म्हणून. बंद पंखातली हवा तापून फुगली असेल? हे मलाही पटलं होतं. म्हणून मी तसाच दुसरा पंख बनवला, तीच भोकं, तोच टिश्यू, तोच डिंक, आणि मे महिन्यातल्या अग्निनक्षत्रात, चेन्नईच्या भाजून काढणाऱ्या उन्हात, दहा दिवस गच्चीवर ठेवला. एक ठिगळ हललं नाही. आणि समजा फाटलंच असतं, तर काजळी कुठून आली? कुणी आतून ढकलून फाडली म्हणावं, तर पंख पक्का चिकटवलेला, आत हात घालायला वाटच नाही. काढलेले फोटो आजही आहेत माझ्याकडे, अकराचे आणि साडेचारचे. उत्तर मात्र नाही. दहा जणांना दाखवले, दहा जणांनी दहा उत्तरं दिली, मी दहाही खोडली. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण गरम हवेचं नको... ते तपासून झालंय.

त्या संध्याकाळचं मला वहिनींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, दारात उभं राहून, हळू आवाजात. सुंदरराव काका सोवळं-ओवळं कडक पाळणारे. डावा हात ताटाला लागला तर भरलं ताट बाजूला सारणारा माणूस. त्या दिवशी जेवायला बसले ते उजवा हात मांडीवर धरून. बोटाच्या टोकाला ती काळी काजळी तशीच होती. वहिनी पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, "मामा, हात धुवा की." सासऱ्यांना त्या तिकडच्या रीतीनं मामाच म्हणायच्या. काका म्हणाले, "आज नको, पद्मा. उद्यां धुतों."

आणि डाव्या हातानं रसम-भात जेवले.