सिनेमात द्वारपाल आहे का?

किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड पिशव्या साठतात तसे ते साठत जातात, आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. आमच्या ढिगाचं नाव ‘संगीत सोनसळी’. हे नाटक आमच्या हौशी मंडळानं कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत बावीस वर्षं केलं. मंडळ कधीच बंद पडलं, पण उरलेले आम्ही दर रविवारी सकाळी वसंतरावांच्या पेटी दुरुस्तीच्या दुकानात जमतो. वसंतराव ऑर्गनवर असायचे. पेठ वडगावचे कापडवाले अण्णा राजा व्हायचे. शालनअक्का कपडेपट सांभाळायच्या. मी प्रॉम्प्टर. शाळेत शिकवत होते म्हणून सगळे मला बाई म्हणतात.

यंदा या नाटकाचा सिनेमा आला आणि ढीग दुप्पट झाला.

*

सिनेमाला पहिले गेले वसंतराव. थिएटरात अंधार झाला तसे ते सवयीनं उठले, हात जोडले, डोळे मिटले आणि नांदीची वाट बघत उभे राहिले. पडद्यावर घोडे धावायला लागले तरी हे उभेच.

मागून आवाज आला, “पावणं, बसा की खाली. घोडी दिसंनात.”

वसंतराव म्हणाले, “नांदी झाल्याबिगर बसत न्हाई मी.”

शेवटी मागच्या माणसानंच एक गणपतीची आरती म्हणायला घेतली. दोन ओळी झाल्यावर वसंतराव समाधानानं बसले. दोघांची आता चांगली ओळख आहे. परवा तो माणूस दुकानात जुनी पेटी घेऊन आला होता.

*

शालनअक्कांचं म्हणणं कपड्यांपुरतं. सोनसळी ही गरीब कुंभाराची मुलगी. बापाला विनाकारण तुरुंगात टाकलं म्हणून ती एकटी राजाकडे दाद मागायला जाते. आमच्या नाटकात तिला तीन अंकांत मिळून एकच लुगडं होतं, आणि त्यालाही अक्कांनी मुद्दाम ठिगळ लावलं होतं.

सिनेमा बघून आल्यावर अक्का म्हणाल्या, “एका गाण्यात सात लुगडी बदलली बयेनं. एवढी लुगडी हाईत तर एक इकून बापाला सोडव की!”

पण त्याच अक्का सिनेमातल्या नदीपाशी रडल्या. आमची नदी म्हणजे त्यांचीच निळी साडी. दोन बाजूंना दोघांनी धरून हलवायची. बावीस वर्षांत त्या नदीत आपल्याला एकदाही रडू आलं नाही, साडी फाटेल म्हणून सगळा जीव तिच्यातच असायचा, असं त्या प्रामाणिकपणे सांगतात. खऱ्या पाण्यात सोनसळी उतरली तेव्हा त्यांना पहिल्यांदाच तिची काळजी वाटली.

*

माझंही सांगते. मी अख्खा सिनेमा ओठ हलवत बघितला. प्रॉम्प्टरची खोड मरेपर्यंत जात नाही. मध्यंतरात शेजारच्या बाईंनी मला वाकून विचारलं, कुठला जप करता, गुण येतो का? मी म्हटलं, अजून तरी नाही, बऱ्याच ओळी गाळल्यात.

*

सगळ्यात जास्त चिडले अण्णा. त्यांची पाच पदं सिनेमात दोनावर आली होती आणि पडद्याला वन्स मोअर देता येत नाही, हे दुखणं वेगळंच. पण त्यांचा खरा राग एका शब्दावर होता. राजा महालात एकटाच खिडकीशी उभा असतो, मागे वळतो आणि म्हणतो, “मग येऊ द्या तिला.” की सोनसळी आत येते.

“मग कशाला?” अण्णा दुकानात टेबलावर हात आपटून विचारत होते. “आधी कोण काय बोललंय? म्होरं भित्ताड हाय नुसतं! मी बावीस वर्सं म्हणलं ते, पर मला आधी कुणीतरी येऊन सांगायचं तरी.”

कुणीतरी म्हणजे दिनकरतात्या. तेव्हा ते दुकानात नव्हते म्हणूनच अण्णा एवढं मोकळं बोलले.

*

दिनकरतात्या राधानगरीकडचे. घरी भातशेती आणि दुभती जनावरं. नाटकात ते द्वारपाल. काम एका वाक्याचं, “महाराज, दारी एक मुलगी उभी आहे. हाकलली तरी जात नाही.” एवढ्यासाठी ते बावीस वर्षं एसटीनं तालमीला आले. गावात त्यांना द्वारपाल म्हणूनच ओळखतात.

एकदा धो धो पावसात एसटी बंद पडली. तात्या दुधाच्या टेम्पोतून आले, तेही दुसरा अंक सुरू झाल्यावर. तसेच धावत, ओल्या अंगानं, भाला घेऊन रंगमंचावर गेले आणि वाक्य खणखणीत म्हणाले. दुधाचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. अण्णांनी ओठ न हलवता विचारलं, “म्हशीचं का गाईचं?” तात्या हसले नाहीत. द्वारपाल हसत नसतो, असं त्यांनी नंतर सुनावलं.

आणि सिनेमात हा द्वारपालच नव्हता. गाळला होता.

*

तात्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे ते सिनेमाला गेले नव्हते. त्यानंतर पहिल्यांदाच काठी टेकत दुकानात आले आणि बसायच्या आधी विचारलं, “माझा द्वारपाल हाय का?”

वसंतराव पेटीत डोकं घालून म्हणाले, “हाय की.”

एकदा हाय म्हटल्यावर पुढचं सगळं आलं. मिशी आहे का? आहे. उंच आहे का? चांगला उंच आहे. भाला कुठल्या हातात? वसंतराव म्हणाले, उजव्या.

तात्यांचा चेहरा पडला. “उजव्यात भाला धरल्यावर मुजरा कुठल्या हातानं करायचा? भाला डाव्यात पायजे. शिकीवलं न्हाई व्हय त्याला कुणी?”

अण्णांनी घाईनं सांगितलं, वसंतरावांची नजर कमी झालीय, डाव्यातच होता. मीही मान हलवली. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, त्याचं हे फळ.

*

पुढच्या रविवारी तात्यांचा फोन आला. दुपारच्या खेळाची तिकिटं काढली होती. घरची सगळी येणार होती, आमचीही चार तिकिटं त्यांनीच काढली होती. सिनेमात द्वारपाल आहे, हे त्यांनी गावभर सांगून झालं होतं.

आम्ही थिएटरच्या दारात उभे राहून कोण सांगणार यावर भांडलो. तेवढ्यात जीप आली. तात्या धुतलेल्या धोतरात, डोक्याला फेटा. मागून त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, मुलगा, सून आणि दोन नाती. काकूंनी माझा हात धरून सांगितलं, “बाई, ह्यो माणूस बावीस वर्सं कुठं जात व्हता, ते सुनंला आज दाखीवणार हाय.” काकूंना स्वतःला गोठा सोडून नाटकाला कधीच येता आलं नव्हतं. आम्ही आत गेलो.

मी तात्यांच्या बरोबर मागे बसले. या वेळी नांदीसाठी वसंतरावही उभे राहिले नाहीत. नदी आली, लुगडी बदलून झाली. मग महाल आला. राजा खिडकीशी पाठमोरा उभा होता. तात्या पुढं सरकले. पडद्यावर दार शोधायला लागले. राजाशिवाय तिथं कुणी नव्हतं. मला त्यांची मान दिसत होती. ती एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि थांबली. त्यांना कळलं होतं. शेजारी अण्णांनी डोळे मिटून घेतले.

तात्या उठले. काठी डाव्या हातात घेतली, ताठ झाले, तोंड उघडलं, पण आवाज येईना.

मी पुढं वाकले आणि सवयीनं कुजबुजले, “महाराज, दारी...”

“महाराज, दारी एक मुलगी उभी आहे,” तात्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “हाकलली तरी जात नाही.”

पडद्यावरचा राजा खिडकीपासून वळला, बरोबर आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मग येऊ द्या तिला.”

तात्यांनी उजव्या हातानं मुजरा केला आणि खाली बसले. काकू सुनेच्या कानाशी लागल्या.

“बघ. हाय म्हणत व्हते का न्हाई?”